पाटीवर लातूर कुठं आहे?

लातूर शहरातले नाश्ता सेंटरवाले, हॉटेलमालक, गाडेवाले आणि नवे कॅफेचालक यांना,

सप्रेम नमस्कार.

आपापल्या दुकानाची पाटी आज एकदा गिऱ्हाईक म्हणून वाचून बघा. कोल्हापुरी मिसळ, पुणेरी मिसळ, इंदोरी पोहे, नागपुरी तर्री पोहे, म्हैसूर मसाला डोसा, मुंबई वडापाव, कच्छी दाबेली. शिवाजी चौकातून औसा रोडला लागलं की एवढ्या गावांची नावं दोन्ही बाजूंना वाचायला मिळतात. त्यात आपलं गाव नाही. आपला जिल्हा नाही, मराठवाडाही नाही.

माझं मागणं एका ओळीत सांगण्यासारखं आहे. प्रत्येक दुकानाच्या पाटीवर आपल्या भागाचा निदान एक पदार्थ असावा, रोज असावा आणि नावानिशी असावा. चुरमुऱ्यांचा सुशीला, धपाटे, ज्वारीच्या कण्या, आंबील, ज्याला जे जमेल ते. बाकीचं पत्र हे का आणि कसं, एवढ्यासाठीच आहे.

मी सकाळच्या शाळेवर शिकवते. आठवड्यातले काही दिवस चहा घेऊन घराबाहेर पडते आणि नाश्ता वाटेतच होतो. त्यामुळे तुमची सकाळ मी जवळून बघते. आम्ही डोळे चोळत असतो तेव्हा तुमचे बटाटे उकडून झालेले असतात, शटर अर्धं वर गेलेलं असतं आणि पहिल्या घाण्याची भजी झाऱ्यावर निथळत असतात. तेल, गॅस, शेंगदाणे, सगळ्याचे भाव चढले तरी प्लेटमागे पाच रुपये वाढवताना तुम्ही महिनोन्‌महिने थांबता, कारण समोरचं गिऱ्हाईक रोजचं असतं. तक्रारवहीत लिहावं असं माझ्याकडे काही नाही. तुमच्या हाताला चव आहे हे माहीत आहे, म्हणूनच मागते आहे.

इडली-डोशाशी माझं भांडण नाही, हेही आधीच सांगून ठेवते. आपल्या जिल्ह्याची हद्द बीदरला लागते. उदगीर-देवणीकडच्या कितीतरी घरांत कन्नड बोलणं आणि कन्नड खाणं पिढ्यान्‌पिढ्या आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, तिकडच्या खाण्यापिण्याच्या सवयी आपल्याकडे मुरलेल्या आहेत. आणि सांबारात पडणाऱ्या तूरडाळीचं तर काय सांगावं, लातूरच्या डाळ मिलमधून निघालेली डाळ देशभर जाते. जे बाहेरून आलं ते आपण आपलं केलं, हे चांगलंच झालं. दुखणं एवढंच की पाहुण्यांना बसायला जागा देता देता घरचे पाटीवरून उठून गेले.

घरचा पदार्थ पाटीवर टिकला तर काय होतं, ते बघायला लांब जावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगरात नान-खलिया त्याच नावानं विकला जातो आणि बाहेरून आलेला माणूस रिक्षावाल्याला विचारत विचारत तिथं पोचतो. आपल्याच जिल्ह्यातल्या निलंग्यानंही हे करून दाखवलं आहे. निलंगा राईस म्हणून तो झणझणीत भात गाड्यागाड्यांवर मिळतो. निलंग्यात पाऊल न ठेवलेला माणूसही ‘एक निलंगा द्या’ म्हणतो आणि गावाचं नाव घेऊन जातो. एका तालुक्याच्या गावानं जे केलं ते जिल्ह्याच्या गावाला का जमू नये?

आता ही पाटी वाचणार कोण, ते बघू. लातूरची सकाळ आता नुसती लातूरकरांची राहिलेली नाही. लातूर पॅटर्नच्या नावावर नांदेड, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव, सगळीकडून मुलं येतात. नीट आणि जेईईच्या क्लासची पहिली बॅच उजाडता उजाडता सुरू होते. रूमवर गॅस ठेवायला परवानगी नसते, मेसचा डबा दुपारी आणि रात्री. म्हणजे सकाळचं पोट सर्वस्वी तुमच्या भरवशावर. दोन क्लासच्या मधल्या पंधरा-वीस मिनिटांत ही मुलं तुमच्या गाड्याभोवती उभी असतात, एका हातात मॉड्यूल, दुसऱ्या हातात प्लेट. दोन वर्षं, काहींची तीन. सोळा-सतराव्या वर्षी, अंगानं वाढत असताना, यांचा पहिला घास कढईतून निघालेला वडा किंवा मैद्याच्या पावातला बटाटा असतो, आणि रोज तोच असतो.

‘घरी मिळतं ते बाहेर कोण खाणार?’ हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारला आहे. या मुलांचं घर इथं नाहीच, हे त्याचं पहिलं उत्तर. दुसरं उत्तर असं की घरीही आता ते रोज मिळत नाही. नवरा-बायको दोघं कामावर जाणाऱ्या घरात सकाळी सातला धपाटे थापायला वेळ कुणाला आहे? आमच्या शिक्षकांच्या खोलीतच विचारून बघा. घरी होत नाही आणि बाहेर मिळत नाही, असा आपला नाश्ता दोन्हीकडून सुटत चालला आहे. मुंबईच्या माणसाला वडापाव आणि पुण्याच्या माणसाला मिसळ घरीही करता येते, तरी ती दुकानं ओसंडून वाहतात.

गेल्या पावसाळ्यात औसा रोडला एका गल्लीच्या तोंडाशी एका काकूंचा गाडा लागायचा. पोहे, उपीट आणि चहा, एवढंच लिहिलेलं. एका सकाळी बघते तर कढईशेजारी चुरमुऱ्यांची पिशवी. काकूंनी पातेल्यात पाणी घेतलं, दोन ओंजळी चुरमुरे त्यात टाकले, हातानं एकदा खाली दाबले आणि लगेच काढून मुठीत पिळले. पाण्यात एक क्षण जास्त राहिले तर लगदा होतो, कमी राहिले तर खाताना घशाला लागतात. तो अंदाज हातात असावा लागतो. तोवर तेलात मोहरी तडतडली होती. जिरं, कढीपत्ता, उभ्या चिरलेल्या मिरच्या, शेंगदाणे, मग कांदा. हळद पडली तसा खमंग वास सुटला. पिळलेले चुरमुरे टाकले, वरून डाळव्याचं भरड कूट पसरलं, मीठ, चिमूटभर साखर, दोनदा खालीवर केलं आणि झाकण. झाकण काढलं तेव्हा चुरमुरा न् चुरमुरा सुटा होता आणि प्रत्येकाला कूट लागलेलं होतं. कोथिंबीर, लिंबाची फोड, झालं. गॅस चालू केल्यापासून प्लेट हातात पडेपर्यंत पाच-सात मिनिटं लागली असतील.

तिथं उभ्या असलेल्या एका पोरानं पहिली प्लेट संपवून दुसरी घेतली. हिंगोलीकडचा होता. तो म्हणाला, “काकू, उद्या पण करता का सुशीला?”

“इचारणारं कुणी असलं तर रोज करते की. लिहिलं नाही म्हणून कुणी मागत नाही, अन्‌ मागत नाही म्हणून मी करत नाही.”

मालक, आपल्या सगळ्यांची अडचण काकूंच्या या एका वाक्यात आली. गिऱ्हाईक मागत नाही हे खरं आहे. पण जे पाटीवर नाही ते त्यानं मागावं तरी कसं? अनोळखी शहरातलं पोर, खिशात मोजके पैसे, मागे रांग लागलेली. ते पाटी वाचतं, भाव बघतं आणि एक नाव सांगतं. ‘तुमच्याकडे अजून काय मिळेल’ असं विचारत ते बसत नाही.

धंद्याच्या हिशेबानं बघितलं तरी सुशीलात तुमचं काही जात नाही. वेगळं भांडं लागत नाही, आदल्या रात्रीपासून भिजवणं नाही, आंबवणं नाही. पोह्याची फोडणी ती याची फोडणी. तळण नसल्यामुळे तेल थोडं आणि गॅसही थोडाच जळतो. करून ठेवला तर त्याची मजा जाते, हे एकच खरं पथ्य. म्हणून घमेलंभर करून झाकून ठेवायचा नाही, चार-सहा प्लेटचा घाणा लावायचा आणि संपला की पुढचा.

धपाट्याचं गणित उलटं आहे. करायला वेळ लागतो, पण ते टिकतात. आपल्याकडे प्रवासाला निघालेला माणूस धपाटे बांधून घेतो ते काही उगीच नाही. सकाळी केलेलं धपाटं संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहतं, दह्याबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पोटभरीचं होतं. सकाळी उरलेली इडली संध्याकाळी विकता येत नाही. उरलेलं धपाटं संध्याकाळी क्लासवरून परतणाऱ्या मुलाला पार्सल देता येतं.

‘थापणार कोण?’ ही तुमची शंका मात्र खरी आहे. वडे तळणारा कारागीर मिळतो. ओल्या फडक्यावर ज्वारीचं पीठ थापून, मधे भोक पाडून, न तुटता तव्यावर उलटं टाकणारा हात मिळत नाही. हा हात बायकांकडे आहे, आणि त्या तुमच्या गल्लीतच राहतात. बचत गटातल्या कितीतरी बाया लोणची, पापड, शेवया करून प्रदर्शनाची वाट बघत बसतात. वर्षातून दोन-तीन प्रदर्शनं, तिथं थोडीफार विक्री, मग पुन्हा वाट बघणं. त्यांना रोजची ठरलेली मागणी कुणी दिली तर घरच्या तव्यावर सकाळी सहापर्यंत पन्नास-शंभर धपाटे सहज होतील. तुम्ही नगावर भाव ठरवा, पैसे रोखीनं रोजच्या रोज द्या. तुमचा कारागिराचा खर्च वाचेल आणि त्यांचं महिन्याचं उत्पन्न बांधलं जाईल. मात्र पैसे रोजच्या रोज. आठवड्याची उधारी ठेवली तर त्या बाईला पुढच्या पिठाला पैसे उरत नाहीत आणि तिसऱ्या आठवड्यात धपाटे बंद होतात.

ज्वारीच्या भावाचा मुद्दाही टाळत नाही. ज्वारी म्हणजे गरिबाचं धान्य हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण आता तसं राहिलेलं नाही. 2025-26 साठी केंद्रानं मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये ठरवला, गव्हाचा त्याच वर्षाच्या रब्बी हंगामाच्या यादीत 2425 होता. रानात सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे पडली, काढणीला माणूस मिळेना, म्हणून ती महागली. तरीही हिशेब करून बघा. एका धपाट्याला साठ-सत्तर ग्रॅम पीठ धरलं तर धान्याचा खर्च तीन-चार रुपयांच्या आसपास बसतो. त्यात थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण, मिरची, तीळ, ओवा. दोन धपाटे, दही आणि चटणी अशी प्लेट मसाला डोशाच्या भावापेक्षा बरीच खाली देता येईल, आणि डोसा खाऊन दहा वाजता पुन्हा लागणारी भूक दुपारपर्यंत लागणार नाही.

ही ज्वारी साधी नाही, हेही तुमच्या गिऱ्हाइकाला कळू द्या. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपलं आहे, 1972 पासूनचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काम करून ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण 2018 मध्ये आणलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. वर्गात मान टाकून बसणाऱ्या मुली मी रोज बघते. एका धपाट्यानं अ‍ॅनिमिया जाईल असं मी म्हणत नाही, तेवढी समज मला आहे. पण मैद्याच्या पावाऐवजी ज्वारी आणि वर लिंबू पिळलेली कोथिंबीर-कांद्याची कोशिंबीर, एवढा बदल नाश्त्याच्या टेबलावर होऊ शकतो. तो सरकारी योजनेची वाट न बघता तुम्ही करू शकता. 2023 हे वर्ष जगभर भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. शाळाशाळांतून आम्ही तक्ते लावले, मुलांना ज्वारी-बाजरीवर बोलायला लावलं. तक्ते लावून शाळेबाहेर पडलं की समोरच्या गाड्यावर ज्वारीचा एकही पदार्थ नव्हता. मुलांना आम्ही काय सांगावं?

ताटातल्या बाकीच्या गोष्टींचीही हीच कथा. 2024 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या तीन पिकांना भौगोलिक मानांकन मिळालं. निलंगा तालुक्यातली पानचिंचोलीची चिंच, तिथलीच बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर. नाश्त्याच्या प्लेटकडे बघून सांगा यातलं काय लागत नाही. चटणीला चिंच, सांबाराला तूरडाळ, पोह्यावर, उपिटावर, मिसळीवर कोथिंबीर. जालन्याच्या दगडी ज्वारीला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्यालाही मानांकन आहे. कागदावर मान मिळाला, तो टिकायचा असेल तर रोज किलो-किलोनं माल उचलणारं कुणीतरी लागतं. पुण्या-मुंबईच्या मॉलमधल्या पाकिटांवर शेतकरी किती दिवस विसंबेल? तुम्ही शंभरएक हॉटेलवाल्यांनी ‘आमची आंबट-गोड चटणी पानचिंचोलीच्या चिंचेची’ असं पाटीवर लिहिलं तर त्या चिंचेचं नाव रोज हजार माणसं वाचतील. अर्थात लिहिलं तर वापरायलाही हवी. नुसतं नाव लावून दुसरीच चिंच घातली तर त्या शेतकऱ्याचंही नुकसान आणि तुमच्या शब्दाचंही.

आता कॅफेवाल्या तरुण मंडळींशी थोडं. तुमच्याकडे मी येते. जागा नीटनेटकी असते, मुलंमुली मोकळेपणानं बसतात, कुणी उठवत नाही, हे मला आवडतं. पण तुमच्या मेनूकार्डात लातूरचा उन्हाळा कुठं दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर येतं आणि पारा चाळिशीच्या पुढं जातो. अशा वेळी साखरेनं भरलेली कोल्ड कॉफी प्यायली की तहान अजून वाढते. आपल्या आज्या या उन्हावर आंबील द्यायच्या. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली, गार केलेली, लसूण-जिऱ्याची, वरून कोथिंबीर. उंच ग्लासात, मातीच्या पेल्यात, तुम्हाला हव्या त्या रुपात द्या. तुमच्याइतकं सजवून मांडणं कुणाला जमत नाही. वेळ अमावस्येला, म्हणजे रानातल्या पूजेच्या सणाला, अख्खं लातूर कुलूप लावून रानात जातं, बाजारपेठ ओस पडते, आणि कडब्याच्या कोपीत बसून जो तो भज्जीची मिश्र भाजी, उंडे आणि आंबील पोटभर खातो. त्या दिवशी आंबील नको म्हणणारा लातूरकर मी बघितलेला नाही. पुण्याहून, मुंबईहून मित्र बोलावून आपण त्यांना ती कौतुकानं पाजतो. एका दिवसासाठी एवढं प्रेम आणि बाकी वर्षभर एका ग्लासाचीही सोय नाही, ही गोष्ट तुम्ही बदलू शकता.

खाण्याबरोबर बसण्याचंही बोलायला हवं. आपल्याकडच्या जुन्या नाश्ता हॉटेलांत पुढच्या टेबलांवर पुरुष आणि बायकांसाठी आत ‘फॅमिली’, हा प्रघात अजून आहे. ती आतली जागा बऱ्याचदा भांडी घासायच्या मोरीला लागून असते, पंखा धड नसतो, वेटरची नजर तिकडे जात नाही. क्लासच्या मुली त्या अंधाऱ्या कप्प्यात जायला नको म्हणून एक तर उभ्यानं खातात नाहीतर पार्सल घेऊन रूमवर जातात, आणि पुष्कळदा काहीच न खाता वर्गात बसतात. हे मला त्यांनीच सांगितलं. पुढचं एक टेबल, रस्त्याकडे तोंड असलेलं, उजेडातलं, सकाळच्या दोन-तीन तासांत मुलींना हक्कानं बसता येईल असं ठेवा. काउंटरवर बसणाऱ्या माणसानं ‘या ताई, इथं बसा’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ आहे. एक मुलगी बसली की दुसऱ्या दिवशी चार येतात. आत जायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आणि रद्दी. भजी-वडे वर्तमानपत्राच्या कागदावर देणं 2018 च्या अन्न पॅकेजिंगच्या नियमांनी बंद केलेलं आहे, कारण शाई तेलात उतरते. तुम्हाला हे माहीत आहे, अन्न व औषध प्रशासनाची माणसंही सांगून गेली असतील. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आपल्या भागात पूर्वापार आहेत, मागणी आली तर करणारे हातही आहेत. धपाटं पळसाच्या पानावर द्या, त्यावर फार बोलत नाही.

मी सांगते त्यातलं सगळं एकदम करा असं नाही. एक पदार्थ निवडा. गाडेवाल्यांनी सुशीला घ्यावा, त्यात भांडवल जवळजवळ नाहीच. बसायची जागा असलेल्या हॉटेलांनी धपाटे-दही घ्यावं. कॅफेंनी उन्हाळ्याआधी आंबील करून बघावी. महिनाभर रोज ठेवा, मधेच एखाद्या दिवशी बंद करू नका. शोधत आलेल्या माणसाला ‘आज नाही’ म्हटलं की तो पुन्हा विचारत नाही. पहिले आठ-दहा दिवस खप कमी असेल, तेव्हा थोडाच करा. मुलांसाठी हाफ प्लेट ठेवा, म्हणजे नवीन चव घेऊन बघताना पैसे वाया जायची भीती राहणार नाही. क्लासच्या मुलांमध्ये एकाला आवडलं तर दुपारपर्यंत अख्ख्या बॅचला कळतं, त्यासाठी जाहिरात लागत नाही.

नवीन फ्लेक्स छापायची घाई करू नका. काळ्या फळीवर खडूनं लिहा, पण वरच्या ओळीत लिहा आणि भावासकट लिहा.

धपाटे करणाऱ्या बायांची अडचण असेल तर मला सांगा. आमच्या शाळेतल्या काही मुलांच्या आया भाकरी-धपाट्याची कामं घरून घेतात, त्यांची गाठ घालून द्यायची जबाबदारी माझी. महापालिकेकडेही शहरातल्या बचत गटांची माहिती असते, तिथं विचारता येईल. तुमच्या हॉटेलमालकांच्या बैठकीत हा विषय निघाला आणि कुणी बोलावलं तर मी येईन. शाळा साडेबाराला सुटते, त्यानंतर केव्हाही. हिशेब मांडून आणीन, आणि दोन-तीन बायांना बरोबर घेऊन येईन, म्हणजे भावाचं बोलणं तिथंच समोरासमोर होईल.

कळावे,

आपली नेहमीची गिऱ्हाईक,
लातूरमधली एक शिक्षिका